बिनलेबलाची डबी

माझी मुलगी दारातल्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होती आणि तो लागत नव्हता. "अम्मा, सँडल आखडलं," असं ती तमिळमध्ये म्हणाली आणि हसली. सँडल आखडत नाही, हे कळायला मी शाळेत विज्ञान शिकवायची गरज नव्हती. मी खाली वाकले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा काढल्यावर तो भरून यायला हवा होता. मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे म्हटले तरी तो तिथेच होता, कणकेत बोट रुतल्यासारखा.

"काय बघतेस?" ती म्हणाली. "बँकेत उशीर होईल." तिनं सँडल कोपऱ्यात सारलं, माझ्या सपाता पायात सरकवल्या आणि गेली. मलाही तिरुवैयारूची बस गाठायची होती. बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि माझ्या स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा लगेच भरला. मग पुन्हा पाहिला. पुलावरून कावेरी ओलांडेपर्यंत मी तेच करत होते, आणि मी वेडी असल्यासारखी शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

खरं सांगायचं तर कारण मला त्याच क्षणी सुचलं होतं. ते आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात, कापराच्या पुड्यामागे, एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत होतं. डबीवर लेबल नव्हतं. सुचलं तसं मी ते बाजूला सारलं. मीठ जास्त झालं असेल, खुर्चीत बसून बसून पाय सुजले असतील, असं स्वतःला सांगत शाळेत पोचले आणि नववीला घनता शिकवली.

आम्ही तंजावरचे मराठी. पूर्वज राजांबरोबर इकडे आले, त्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली. नवरा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत, मी शाळेत, मुलगी एकुलती एक. दिवसभराचं आमचं सगळं तमिळमध्येच चालतं. मराठी उरली आहे ती घरात, आणि खरं तर दोनच कामांना: रागवायला आणि लपवायला. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या देखत "हे नोको, उठ" म्हणायला. पाहुण्यांच्या पंगतीत "पायसम संपलं, वाढूं नोको" म्हणायला. हसऱ्या चेहऱ्यानं, आवाज न बदलता. ही कला मला आईनं शिकवली आणि मी मुलीला. तिला मराठी सगळी कळते, पण बोलत नाही. मी मराठीत बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते. बाळबोध लिपी तर मी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला वाचता येते, नाहीतर हे लिहिणंही जमलं नसतं.

मी दहा वर्षांची असताना वडील मला साताऱ्याकडे एका लांबच्या नात्यातल्या लग्नाला घेऊन गेले होते. आपल्या मूळ मुलखाला निघालो, असं ते आठवडाभर सांगत होते. तिथे एका बाईनं माझा हात धरला, आपल्या मनगटाला माझं मनगट लावलं आणि सगळ्यांना दाखवलं. "अगंबाई, ही तर अगदी मद्रासी! आपल्यातली वाटतच नाही हो." बायका हसल्या. वडीलही हसले. त्या बाईचा चेहरा मला आता आठवत नाही, वडिलांचं हसणं मात्र अजून आठवतं. तेव्हापासून माणूस भेटलं की मी मनात आधी त्याच्या मनगटाला मनगट लावते. बसमध्ये, वर्गात, देवळाच्या रांगेत. ही खोड मला लाजिरवाणी वाटते, पण ती गेली नाही.

इथले लोक तरी काय वेगळे आहेत म्हणा! इथे गोऱ्या मुलीला "कलर आहे" म्हणतात. म्हणजे आम्हा बाकीच्यांना रंगच नाही. आमच्या हॉलमध्ये सासूबाईंच्या वेळचं तंजावरी चित्र आहे, सोन्याचा वर्ख लावलेलं. बाळकृष्ण लोण्याचा गोळा घेऊन बसला आहे आणि त्याचं अंग लोण्याहून पांढरं आहे. मुलगी लहानपणी विचारायची, "अम्मा, कृष्ण काळा ना? मग हा कोण?" मी म्हणायचे, "तो आत्ताच आंघोळ करून आलाय." ती बिचारी पटवून घ्यायची आणि मग आंघोळीच्या वेळी अंग जोरजोरात घासायची. मला त्याचं हसू यायचं.

ती पंधरा वर्षांची असताना आम्ही दोघी थोरल्या देवळात गेलो होतो. दुपार टळायची होती, दगड इतके तापले होते की आम्ही टाचांवर उड्या मारत चाललो होतो, शिवाय डोक्यावर छत्री. तिथे हिरवळीवर एक परदेशी बाई उन्हाकडे तोंड करून, बाह्या खांद्यापर्यंत सारून बसली होती. खांदे टोमॅटोसारखे लाल झालेले. तिनं माझ्या मुलीकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली की तुझ्या या रंगासाठी मी दरवर्षी सुट्टी काढते, तरी तो महिनाभरच टिकतो. मुलीला इतकी गंमत वाटली! "अम्मा, आपण अदलाबदल करूया का हिच्याशी?" मी म्हटलं, "ऊन लागेल, छत्रीत ये." त्या बाईला कुणीतरी तिच्या देशात फिकट म्हणून हिणवलं असेल का, हा विचार मला तेव्हा आला नाही. मी आपली छत्री मुलीच्या बाजूला कलती करत राहिले.

स्थळ आलं पुण्याचं. घराणं मूळ इकडचंच, पण दोन पिढ्या तिकडे राहिलेलं. मुलगा चांगला, बोलणं चांगलं. व्हिडिओ कॉल झाला. मुलाची आई म्हणाली, "फोटोत जरा उजळ वाटली होती." मग स्वतःच म्हणाली, "चालेल हो, आमचं तसं काही नाही." ते "चालेल" माझ्या डोक्यात शिरून बसलं. चार महिन्यांनी ते सगळे तंजावरला येणार होते, मुलगी प्रत्यक्ष बघून तिथल्या तिथे ठरवणार होते. मला वाटलं, माझ्या मुलीला त्या हॉलमध्ये कुणी "चालेल" म्हणून बघता कामा नये. हे मी तिच्यासाठी केलं असं मी कितीतरी दिवस म्हणत होते. ते खोटं आहे. त्या साताऱ्याच्या बाईला मला उत्तर द्यायचं होतं.

आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या ओळखीनं पापनाशमच्या एका ब्यूटी पार्लरवालीकडून मी ती डबी आणली. ती बाई म्हणाली, हे बाहेरून येतं, दुकानात मिळत नाही, आठवड्यात फरक पडतो. काय आहे त्यात, असं मी विचारलंसुद्धा नाही. एरवी मी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचून मुलांना दाखवणारी बाई.

मुलगी आधी नको म्हणाली. "मी आहे तशी बरी आहे, अम्मा."

"उगी रहा गे," मी मराठीत म्हटलं. "चार मासच तर लावायचं."

मराठीत म्हटलं की ती ऐकते. लहानपणापासून तसंच आहे.

ती बँकेतून आली, तोंड धुतलं, की खिडकीशी उजेडात मी तिला बसवायचे आणि उजव्या हाताच्या अनामिकेनं क्रीम लावायचे. कपाळ, गाल, गळा, मग दोन्ही हात. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसला. शेजारणी म्हणाल्या, "पोरगी कलर झाली की!" बँकेत लोक विचारू लागले. ती आरशाशी थांबू लागली, फोनवर स्वतःचे फोटो काढू लागली. नको म्हणणारी मुलगी आता डबीचा तळ दिसू लागला की मला आठवण करून द्यायची. मी दुसरी डबी आणली. माझ्या आयुष्यात मी इतकी समाधानी फार कमी वेळा झाले असेन.

त्याच सुमारास माझी अनामिकेतली सोन्याची अंगठी तळव्याच्या बाजूनं पांढुरकी पडली. मी तडक सोनाराकडे गेले आणि भेसळ केलीत म्हणून त्याला सुनावलं. त्यानं अंगठी उजेडात धरली, नखानं घासली. "टीचर, सोनं चोख आहे. याला काहीतरी लागलंय. शाळेत केमिकल हाताळता का?" मी म्हटलं, असेल. प्रयोगशाळेत असतातच बाटल्या. मी निश्चिंत होऊन घरी आले आणि त्याच बोटानं मुलीला क्रीम लावलं.

मग ते पाय. खड्डा पडला त्या दिवसानंतर आठवड्यात सूज गुडघ्यापर्यंत आली. सकाळी डोळे सुजलेले असायचे. गाल भरले, तर एका नातेवाईक बाईनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की लग्नाची कळा आली. एक दिवस मुलगी न्हाणीघरातून बाहेर आली आणि खूप वेळ पदराशी चाळा करावा तसा ओढणीशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "अम्मा, लघवीला फेस येतो. साबणासारखा. पाणी ओतलं तरी जात नाही." काय ते मला नेमकं माहीत नव्हतं, पण फेस म्हणजे काहीतरी आतलं बाहेर येतंय एवढं मला कळत होतं.

आम्ही मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझ्याहून लहान, मऊ बोलणारे. आणि काळे. माझ्या मनगटाच्या शेजारी त्यांचं मनगट ठेवलं तर दोन छटा जास्तच. खोलीत एक आया होती, पन्नाशीची, तीही तशीच काळीभोर, केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात रक्तदाबाचं यंत्र. डॉक्टरांनी तमिळमध्ये एकेक विचारलं. सूज कधीपासून? दुखण्याच्या गोळ्या घेता का? गावठी औषध, काढा, भुकटी? तोंडाला काही क्रीम लावता का?

मुलीनं तोंड उघडलं. आणि मला भयंकर लाज वाटली. या माणसासमोर कसं सांगायचं, की तुमच्यासारखं दिसू नये म्हणून मी माझ्या पोरीला रोज काय लावते? शिवाय फाईलमध्ये लिहिलं गेलं असतं. ही फाईल कुणीतरी पाहिली असती. पुण्याला कळलं असतं. मी डॉक्टरांकडे बघून हसत, आवाज न बदलता मराठीत म्हटलं, "उगी रहा. क्रीमचं सांगूं नोको."

मुलीनं तोंड मिटलं.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. घाबरू नको म्हटलं."

"क्रीम वगैरे काही नाही," मुलगी म्हणाली. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

तपासण्यांत कळलं की तिची मूत्रपिंडं गळत आहेत. रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे चाललं आहे, आणि फार मोठ्या प्रमाणात. जिना चढताना तिला धाप लागत होती, म्हणून दाखल करून घेतलं. चार दिवसांनी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढायचा ठरलं. का गळतायत ते कळेना, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तुकडा बघायचा. या वयात कधी कधी हे वाढत जातं, असंही म्हणाले. पुढे डायलिसिस हा शब्द त्यांनी फक्त एकदा वापरला. नवरा कॉरिडॉरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याला क्रीमचं अर्धवट माहीत होतं, तोंडाला लावायचं काहीतरी, बायकांचं. तो मला काही विचारत नव्हता आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती.

मी मनाशी एक युक्ती केली होती. आता क्रीम बंदच आहे. मग हे आपोआप थांबेल. कुणाला काही सांगायला नको. या युक्तीवर मी ते चार दिवस काढले, आणि दर तासाला तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी मुलगी उशीवरून म्हणाली, "अम्मा, डबी आणलीस का? ते लोक पुढच्या महिन्यात येणार ना." तिचे ओठसुद्धा सुजले होते. मी तिला काय म्हणायला हवं होतं ते कुणीही सांगेल. मी म्हटलं, "घरीं गेल्यावर बघूं."

तुकडा काढायच्या सकाळी तीच आया चाकाची खुर्ची घेऊन आली आणि मुलीला आत घेऊन गेली. मी बाहेर दाराशी उभी. थोड्या वेळानं ती एकटीच बाहेर आली, माझ्यासमोर थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तें क्रीमचं डॉक्टरांस सांगितलंत कीं नाहीं अजून?"

मराठीत. आमच्याच मराठीत, आमच्याच हेलात.

मला आधी काय सुचलं ते लिहिते, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे, आणि मला वाटलं, ही आमच्यातली असणं शक्य नाही. आत माझी मुलगी पालथी निजली होती आणि मी दारात उभी राहून त्या बाईच्या मनगटाला मनगट लावत होते.

"तुम्ही... मराठी?" मी विचारलं.

"आमचं शिवणकामाचं घर. माझे आजे राजवाड्यांत कापडं शिवत होते म्हणून सांगतात. घरांत मराठीच." ती जरा थांबली. "मी होतें त्या दिवशी खोलींत. मज वाटलं, आई आहे, सांगेल. चार दिवस वाट पाह्यली. आतां राहवेना. तुम्ही सांगा, नाहीं तर मी सांगतें."

"क्रीमनं असं होतं?" मी विचारलं.

"मागं एक पोर आली होती ह्याच वार्डांत. तीही लावत होती. तिच्या घरच्यांनीही सांगायास उशीर केला."

"मग?"

आयानं दार उघडून धरलं.

मी आत गेले. डॉक्टर हातमोजे घालत होते. मी तमिळमध्ये सगळं सांगितलं. डबी, पापनाशम, तीन महिने, रोज संध्याकाळी. सांगता सांगता मी अंगठी काढून त्यांच्या हातात दिली, का दिली ते मला तेव्हा कळलं नाही, बोटं आपोआप काढत होती. त्यांनी ती उलटी करून पांढरा डाग पाहिला. "तुम्ही शाळेत काय शिकवता?" त्यांनी विचारलं. "विज्ञान," मी म्हटलं. त्यांनी अंगठी माझ्या तळहातावर परत ठेवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी पालथी होती, तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. तिनं सगळं ऐकलं.

पहिली डबी, तळाशी उरलेल्या क्रीमसकट, तपासायला बाहेरगावी पाठवली आणि उत्तर आलं: पारा. नववीच्या धड्यात मी तो दरवर्षी शिकवते. साध्या तापमानात द्रव राहणारा एकमेव धातू. जुना थर्मामीटर उन्हात धरून ती चकचकीत रेघ दाखवते, मुलं माना उंचावतात. सोन्याला लागला तर सोनं पांढरं पडतं, हेही मी सांगते. परीक्षेत विचारते. आणि माझ्याच बोटावर ते उत्तर लिहिलेलं असताना मी सोनाराशी भांडले होते.

डॉक्टर म्हणाले, क्रीम पूर्ण बंद, औषधं, आणि वाट बघायची. बरीचशी माणसं यातून बरी होतात, पण महिने लागतात, आणि पुन्हा लावलं तर मी काही सांगू शकणार नाही. घरी आल्यावर मी दुसरी डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॉक्टरांकडे नेऊन दिली. पुण्याला नवऱ्यानं फोन करून आजारपण सांगितलं. ते लोक फार गोड बोलले आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. मला वाईट वाटायला सवड नव्हती.

डॉक्टरांनी घरी तपासायला पट्ट्या दिल्या होत्या. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची आणि बाटलीवरच्या रंगांच्या चौकोनांशी ताडून बघायची. पिवळी असेल तर ठीक. जितकी हिरवी, तितकं वाईट. पहिल्या सकाळी ती गर्द हिरवी झाली. रोज मी ती पट्टी त्याच खिडकीशी उजेडात धरायचे, जिथे मी तिला क्रीम लावायचे. मुलगी न्हाणीघराच्या दारातून विचारायची, "कोणता रंग?" मी सांगायचे. दुसऱ्या महिन्यात हिरवा फिकटला. पायाची सूज उतरली, सँडलचा पट्टा लागला. पाचव्या महिन्यात एका सकाळी पट्टी पिवळीच राहिली. मी ती तीनदा ताडून पाहिली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

तिचा रंगही परत येत होता. आधी कपाळाच्या कडेनं, मग गालांवर, मग हातांवर. मी रोज चोरून बघायचे. आयुष्यभर जो रंग मला नको होता तो माझ्या पोरीच्या अंगावर लवकर परत यावा म्हणून मी देवाजवळ हात जोडत होते. तो पूर्ण आला की विष गेलं, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

पण तो रंग तिला हवा आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. बँकेत कुणीतरी म्हणालं, काय गं, डल दिसतेस. तिनं फोटो काढणं बंद केलं. पापनाशमला एका लग्नात ग्रूप फोटोच्या वेळी ती मागच्या ओळीत, एका उंच माणसाच्या आड जाऊन उभी राहिली. घरी येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "तूं आहेस तशीच छान आहेस." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "हे तू आता म्हणतेस?" मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.

सातव्या महिन्यात एका सोमवारी पट्टीची कड हिरवट वाटली. मला वाटलं, उजेड कमी आहे. मंगळवारी ती सगळीच हिरवी होती. बुधवारी आणखी. मुलगी दारातून म्हणाली, "कोणता रंग?" मी जाऊन तिच्या नडगीवर अंगठा दाबला. ती पाय मागे घेत होती, मी धरून ठेवला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. तीच खोली. आया भिंतीशी उभी, गजरा माळलेली, रक्तदाबाचं यंत्र पोटाशी धरून. डॉक्टरांनी कागद पाहिले, मग मुलीकडे पाहिलं.

"औषधं वेळेवर चालू आहेत?"

"हो."

"दुसरं काही घेता? गोळ्या, काढा?"

"नाही."

"आणि क्रीम?"

मी तिच्याकडे वळले. खिडकीतून उजेड तिच्या गालावर पडला होता आणि तेव्हा कुठे मला दिसलं. इतके दिवस रोज बघत असूनही दिसलं नव्हतं. परत येत असलेला रंग मधेच थांबला होता. गालाची हाडं पुन्हा फिकट होती.

ती डॉक्टरांकडे बघून हसत होती. ते हसू माझं होतं. आणि आवाज जराही न बदलता, ओठ जेमतेम हलवत, चोवीस वर्षांत मला एकदाही मराठीत उत्तर न दिलेली माझी मुलगी म्हणाली, "अम्मा, सांगूं नोको."

आयानं मान वर केली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, आता ही काय सांगते म्हणून. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, त्या खड्ड्याची नाही, फेसाची नाही, सुईची नाही. मी माझ्या पोरीला काय काय शिकवलं होतं ते सगळं तिनं त्या तीन शब्दांत म्हणून दाखवलं होतं.

मी तिचा सुजलेला हात माझ्या हातात घेतला आणि डॉक्टरांना तमिळमध्ये म्हटलं, "ती पुन्हा लावते आहे. डबी कुठून आणली ते मला माहीत नाही. लावायला मीच शिकवलं, आणि लपवायलाही."

मुलीनं हात काढून घेतला.